हे घर विकणे नाही

तय्यबभाई दुपारचं जेवण करून पलंगावर आडवे झाले होते, तेवढ्यात डोक्यावरच्या गच्चीत कुणीतरी टाचा आपटत चालायला लागलं. आधी त्यांना वाटलं, वानर असेल. पण वानर "स्लॅब दमदार हाय" असं म्हणत नाही. तय्यबभाई उठून वर गेले.

गच्चीवर देगलूरचं एक अख्खं कुटुंब उभं होतं. नवरा पाण्याच्या टाकीत वाकून बघत होता, बायको वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारून कठड्यावरून खाली डोकावत होती, आणि एक म्हातारी तय्यबभाईंच्याच खुर्चीत बसून वारा खात होती.

"कोण तुमी?" तय्यबभाईंनी विचारलं.

"तुमीच मालक का? बरं झालं भेटले. टाकीला गळती हाय का हो?"

"तुमाला काय करायचं माझ्या टाकीशी?"

"घ्यायचं म्हणल्यावर बघावं लागतं की."

"काय घ्यायचं?"

"घर," तो माणूस म्हणाला आणि त्यानं मोबाइल पुढं केला.

मोबाइलमध्ये तय्यबभाईंचं घर होतं. दोन मजली, मागच्याच दिवाळीत गुलाबी रंग दिलेलं. कठड्यावर त्यांच्या बायकोची, खातूनबींची, फुलाफुलांची चादर होती आणि गॅलरीत बनियनवर उभे राहून दात घासणारे खुद्द तय्यबभाई होते. खाली लिहिलं होतं, 'विकणे आहे'. पुढं जी किंमत होती तिच्यात त्या घराचा खालचा मजलाही आला नसता. आणि त्याच्याखाली मालकाचं नाव: ज्ञानोबा केंद्रे.

ज्ञानोबा केंद्रे समोर राहत. गल्लीच्या या बाजूला तय्यबभाईंचं दार, त्या बाजूला ज्ञानोबांचं. तय्यबभाई त्या माणसाचा मोबाइल हातात घेऊन चप्पल न घालताच जिना उतरले. खाली खातूनबी कपबश्या मांडत होत्या. त्यांना ही मंडळी उमरीची, म्हणजे लेक मुबश्शिराच्या होणाऱ्या सासरची वाटली होती. म्हणून त्यांनीच त्यांना हौसेनं गच्चीवर पाठवलं होतं.

ज्ञानोबा तेव्हा ओसरीवर बसून फोनवर ओरडत होते. ते एसटीत कंडक्टर होते. भरलेल्या गाडीच्या मागच्या टोकाहून ड्रायव्हरला ऐकू जाईल असा आवाज त्यांनी नोकरीभर वापरला होता आणि निवृत्तीनंतर तो कुठं ठेवावा हे त्यांना समजलं नव्हतं. "एक गिऱ्हाईक आलं न्हाई अजून! एक! कशाचे पैसे घेतले तुमी?"

"ज्ञानोबाभाऊ," तय्यबभाई दारातूनच म्हणाले, "माझं घर विकून राहिले?"

तय्यबभाईंनी पुढं केलेल्या मोबाइलकडं ज्ञानोबांनी बघितलं. चष्मा लावून पुन्हा बघितलं. "हे तर तुमचं घर हाय."

"ते मला माहीत हाय!"

"मग माझं कुठं गेलं?"

"तुमचं कामून असंल त्याच्यात?" असं विचारल्यावर तय्यबभाईंच्याच लक्षात आलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "म्हंजे… तुमी घर विकून राहिले?"

ओसरीच्या कोपऱ्यात मेथी निवडत बसलेल्या त्यांच्या बायकोनं, अंबिकाबाईंनी, मान वर केली नाही.

"सांगणारच होतो," ज्ञानोबा म्हणाले.

"कवा? ट्रक भरल्यावर?"

ज्ञानोबांचं खरंच चुकलं होतं. त्यांची लेक शिल्पा लातूरला होती. अंबिकाबाईंचे गुडघे, दवाखान्याच्या खेपा आणि लेकीचा आग्रह, यातून तिच्या शेजारच्या इमारतीत एक फ्लॅट ठरला होता आणि कंधारचं घर विकल्याशिवाय त्याची किल्ली मिळणार नव्हती. पण गावातल्या दलालाला सांगावं तर बातमी आधी गल्लीत पोचणार. गल्ली विचारणार, कामून चालले? तय्यबभाई तर उपाशीच बसणार. म्हणून जावयानं सुचवलेल्या 'झटघर' नावाच्या ऑनलाइन कंपनीला ज्ञानोबांनी गुपचूप आगाऊ पैसे भरले. जाहिरात आम्ही करू, फोटो आम्ही काढू, गिऱ्हाईक आम्ही आणू, असं कंपनी म्हणाली होती. मग उन्हाळा सरला, तरी कुत्रंही फिरकलं नाही. ज्ञानोबा रोज फोन करून भांडले, तेव्हा कंपनीनं फोटो काढायला माणूस पाठवला. त्या दिवशी नवरा-बायको लातूरला होते. त्या माणसानं गल्लीत उभं राहून डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं आणि जे घर दिसायला बरं होतं त्याचा फोटो काढला.

म्हणजे किंमत ज्ञानोबांची आणि रूप तय्यबभाईंचं. अशा घराला गिऱ्हाइकं येणारच.

ज्ञानोबांनी तिथल्या तिथं कंपनीला फोन लावला. पलीकडं नेहमीचीच पुनम नावाची मुलगी होती. तिचं मराठी इस्त्री केल्यासारखं होतं.

"सर, तुमच्या जाहिरातीला खूप छान प्रतिसाद आहे."

"माझ्या न्हाई, तय्यबभाईच्या बनियनला हाय! फोटो बदला."

"फोटो बदलण्याची सुविधा सुवर्ण योजनेत आहे, सर. तुमची रजत योजना आहे."

"चूक तुमी करायची आन् सोनं मी घ्यायचं?"

"तुमची भावना मी समजू शकते, सर."

"मग पैसे परत द्या."

"आगाऊ शुल्क परत मिळत नाही, सर. ते घर विकण्यासाठी नसतं, जाहिरात दाखवण्यासाठी असतं."

"मग काढा जाहिरात!"

"तुम्ही काढायला सांगितलं, तर करार तुमच्याकडून मोडला असं धरलं जाईल. मग परताव्याचा विचारही होणार नाही."

"म्हंजे आता होणार हाय?"

"आता विचार होऊ शकतो, सर."

त्या एका 'विचार' शब्दात ज्ञानोबा अडकले. बुडालेल्या पैशांपेक्षा बुडवणारी माणसं त्यांना जास्त डसत होती. तिकीट न काढता उतरणाऱ्याच्या मागं ते पुढच्या थांब्यापर्यंत गेलेले होते. ही कंपनी कोण? ते तय्यबभाईंना म्हणाले, "थोडं दम धरा. जाहिरात राहू द्या. आता काढली तर ते सुटतील."

"ते सुटंनात का! माझ्या गच्चीवर लोक चढून राहिले!"

"दाराला कडी घाला."

तय्यबभाई पाठ फिरवून परत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फाटकावर लाल रंगात पाटी लागली: 'हे घर विकणे नाही'.

पाटीनं सगळंच बिघडवलं. ज्यांना काही माहीत नव्हतं ते थांबून विचारायला लागले, "विकणे न्हाई म्हंजे? विकणार होते का?" आणि जे मोबाइल बघून आले होते त्यांना वाटलं, मालक भाव वाढवून राहिला. लोहा गावचा एक जण तर पाटीसमोर उभा राहून गालात हसला आणि म्हणाला, "चाचा, आमी बी धंद्यातले हावत. शेवटचं बोला." तय्यबभाईंचं बसस्टँडजवळ गाद्यांचं दुकान होतं. तिथंही कुणीतरी येऊन गादी न घेता घराचाच भाव विचारून गेलं. त्या दिवशी तय्यबभाईंनी कापूस पिंजायचं यंत्र इतक्या जोरात चालवलं, की शेजारचा चहावाला दार लावून बसला.

इकडं ज्ञानोबांनी ठरवलं, फोनवर काही होत नाही तर लेखी तक्रार करायची. ॲपमध्ये तक्रारीची जागा होती. त्यांनी एका बोटानं, दात ओठ खात टाइप केलं: 'तातडीचे. मालक मोठ्या अडचणीत आहे. लवकरात लवकर निकाल लावावा.'

कंपनीनं निकाल लावला. संध्याकाळी जाहिरातीवर तय्यबभाईंच्या गुलाबी घराला तिरकी लाल पट्टी चिकटली: 'तातडीची विक्री! मालक मोठ्या अडचणीत!'

ही पट्टी फिरत फिरत उमरीला गफ्फारसाबांच्या मोबाइलमध्ये पोचली. गफ्फारसाब म्हणजे मुबश्शिराचे होणारे सासरे. लाकडाचे व्यापारी, शब्दाला जपणारे आणि फळी दोन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय न घेणारे. त्यांनी तय्यबभाईंना फोन केला.

"तय्यबभाई, अडचण होती तर आपल्या माणसाला सांगायचं. इंटरनेटवर कामून टाकायचं?"

"काही अडचण न्हाई, गफ्फारसाब. ते समोरच्याचं घर हाय."

"फोटोत तर तुमी हाव. दात घासून राहिले."

"मी हाय, पण घर त्यांचं…"

"हे बगा," गफ्फारसाब शांतपणे म्हणाले, "निकाहची तारीख जरा पुढं सारू. मी येतो एकदा."

तय्यबभाई गल्ली ओलांडून आले. ओरडले असते तर बरं झालं असतं, ज्ञानोबांना ओरडण्याची सवय होती. पण ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "पोरीचं लगीन पुढं गेलं, भाऊ. तुमच्या पैशापायी."

अंबिकाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. "बास झालं आता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "काढा ती जाहिरात. पैसे गेले खड्ड्यात."

ज्ञानोबांनी फोन लावला. "जाहिरात काढा. मीच सांगून राहिलो. करार मोडला, पैसे बुडले, सगळं कबूल. काढा."

"नक्कीच, सर," पुनम म्हणाली. "जाहिरात काढण्याची विनंती शाखेत प्रत्यक्ष येऊन द्यावी लागते. तुमची जवळची शाखा नांदेड आहे."

ज्ञानोबांनी फोन भिंतीवर मारण्यासाठी हात उचलला होता. अंबिकाबाईंनी फोन काढून घेतला.

सकाळच्या गाडीनं ज्ञानोबा आणि तय्यबभाई नांदेडला निघाले. साक्षीला फोटोतला माणूस लागेल, म्हणून तय्यबभाई आले. ज्ञानोबांसाठी नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. एकाच बाकड्यावर बसले, पण मधे पिशवी ठेवली. कंडक्टर आला तेव्हा तय्यबभाईंनी फक्त स्वतःचं तिकीट काढलं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच झालं. ज्ञानोबा खिडकीबाहेर बघत राहिले आणि मनातल्या मनात कंपनीच्या सात पिढ्यांना गाडीतून उतरवत राहिले.

झटघरची शाखा एका रसवंतीच्या वरच्या मजल्यावर होती. शटर बंद. शटरला दोन कुलपं. आणि शटरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत एक बाई डबा उघडून भाकरी खात बसल्या होत्या. केस पांढरे, मनगटात पुरुषी घड्याळ.

"तुमचं काय बुडालं?" त्यांनी घास न थांबवता विचारलं.

"तुमी कंपनीच्या का?" ज्ञानोबांनी आवाज लावला.

"ओरडू नका, मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, मला ओरडणाऱ्या माणसांची भीती वाटत न्हाई," त्या म्हणाल्या. "मी बुद्धप्रिया. ही जागा माझी. भाड्यानं द्यायची होती, म्हणून ह्यांच्याकडं पैसे भरून जाहिरात दिली. आठवड्यात भाडेकरू आणला. मी खूश. भाडेकरू कोण? तर हेच!"

"आन् भाडं?"

"भाडं मागितलं तर म्हणतात, 'मॅडम, तुमची भावना आम्ही समजू शकतो.'" बुद्धप्रियाबाईंनी भाकरीचा तुकडा हवेत धरला. "खालचं कुलूप त्यांचं, वरचं माझं. आत त्यांचे कॉम्प्युटर हायत. बघते कसे नेतात ते. रोज येऊन बसते. बसा तुमी बी, ठेचा घ्या."

तय्यबभाईंनी आधी ज्ञानोबांकडं बघितलं, मग शटरकडं, मग त्या दोन कुलपांकडं. आणि त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. हसता हसता त्यांनी ज्ञानोबांच्या खांद्यावर हात टेकला. "भाऊ, कंपनीनं गिऱ्हाईक म्हणून कंपनीलाच आणलं!"

ज्ञानोबांना हसू येत नव्हतं. ते शटरवर मुठी आपटत होते. पण खांद्यावरचा हात तसाच होता, तेवढ्यानं त्यांचा जोर कमी झाला. दोघांनी ठेचा खाल्ला. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. परतीच्या गाडीत पिशवी तय्यबभाईंच्या मांडीवर होती आणि तिकिटं त्यांनी दोन काढली.

गल्लीत शिरतात तर गफ्फारसाब उभे. हातात मोबाइल, नजर एकदा त्यात, एकदा गुलाबी घरावर, एकदा पाटीवर. दारात खातूनबी डोळे पुसत होत्या.

"आलात?" गफ्फारसाब म्हणाले. "तय्यबभाई, इथं घर विकायचं म्हणतंय, तिथं न्हाई म्हणतंय. मी कुणाचं ऐकू?"

ज्ञानोबांचा दिवसभर साठलेला राग आता बाहेर पडला. "कुणाचंच ऐकू नका! डोळ्यांनी बगा! चला माझ्या घरात. काय लिवलंय त्यात? वाचा!"

"तीन खोल्या," गफ्फारसाबांनी वाचलं.

"मोजा!"

गफ्फारसाबांनी मोजल्या. "सागवानी दारं."

"वाजवा!"

त्यांनी बोटाच्या पेरानं एकेक दार वाजवलं. एका चौकटीपाशी थांबले, नखानं रंग खरवडला, वास घेतला. "जुनं सागवान हाय," ते स्वतःशीच म्हणाले. "अंगणात बोअर."

"अंबिका, चालू कर बोअर! तय्यबभाईकडं हाय का अंगण? हाय का बोअर? सांगा!"

पाणी धो धो आलं. गफ्फारसाबांनी ओंजळीत घेऊन चव बघितली. मागच्या भिंतीला ओल आहे का ते बघितलं, न्हाणीघराचा उतार बघितला. ज्ञानोबा मागून ओरडत होते, "झाली का खात्री? हेच घर विकायचं हाय! तय्यबभाईंना एक पैशाची अडचण न्हाई!"

शेवटी गफ्फारसाब ओसरीवर बसले आणि अंबिकाबाईंच्या हातचा चहा घेतला. "तय्यबभाई, माफ करा. माझा गैरसमज झाला. निकाह ठरल्या तारखेला." खातूनबींनी पदराआड डोळे टिपले. गफ्फारसाबांनी कप खाली ठेवला आणि जरा पुढं सरकले. "पण ज्ञानोबाभाऊ, घराचा सौदा झाला का कुठं?"

त्यांचा मुलगा, म्हणजे नवरदेव अजहर, याचं फर्निचरचं दुकान कंधारातच होतं. तो रोज उमरीहून ये-जा करून कंटाळला होता आणि लग्नानंतर इकडंच घर बघायचं त्याच्या डोक्यात होतं. दिवेलागणीपर्यंत सौदा पक्का झाला. गफ्फारसाबांनी घराच्या कागदांवर विश्वास ठेवला, पण आणखी खबरदारी म्हणून ॲपमधलं 'मला हे घर पसंत आहे' हे बटणही दाबून टाकलं. खातूनबी तर आनंदानं गल्लीतल्या गल्लीत तीनदा इकडून तिकडं गेल्या. लेक सासरी चालली, आणि सासर समोरच्या दारात!

सगळे घरी गेल्यावर मुबश्शिरा आली. ती एका मेडिकल दुकानात काम करायची. शांत मुलगी, गल्लीनं तिचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता.

"काका, तुमी लातूरला चालले. मला कुठं ठेवून चालले?"

"अगं, आमच्याच घरात! तुझं चांगलंच झालं की."

"काय चांगलं झालं?" मुबश्शिराचे डोळे भरले होते, पण ते रडणं नव्हतं. "अम्मी माझं कपाट आवरती, माझे केस बघती, मी किती घास खाल्ले ते मोजती. मी म्हणलं, उमरीला जाईन. लांब हाय. सणाला येईन. आता अम्मीनं खिडकीत स्टूल ठेवलाय. म्हणती, इथून तुझी चूल दिसती. आजपासून बसली हाय, काका, अजून मी गेले पण न्हाई!"

ज्ञानोबा काही म्हणणार तोच फोन वाजला.

"अभिनंदन, सर!" पुनम म्हणाली. "आमच्या माध्यमातून तुमचं घर विकलं गेलं आहे. आता नियमानुसार यशशुल्क भरायचं आहे."

"कसलं शुल्क?"

"यशशुल्क, सर. आगाऊ शुल्क वेगळं, यशशुल्क वेगळं."

ज्ञानोबांच्या कपाळावरची शीर उभी राहिली. त्यांनी छातीत हवा भरली. पण ती बाहेर यायच्या आत मुबश्शिरानं फोन ओढून घेतला.

"तुमच्यामुळं सौदा झाला म्हणता? नक्की?"

"नक्कीच, मॅडम. पूर्णपणे आमच्यामुळेच."

"मग मोडा."

"मॅडम?"

"मोडा सौदा! तुमी जुळवला, तुमीच मोडा! कुणी सांगितलं होतं तुमाला अब्बाच्या घराचा फोटो काढायला? समोर दुसरं घर दिसलं न्हाई? डोळे न्हाईत का तुमाला?"

"मॅडम, तुमची भावना मी समजू…"

"न्हाई समजत तुमी! तुमी राहता कुठं?"

"पुण्यात, मॅडम."

"आन् तुमची आई?"

"शिरूर अनंतपाळला," पुनम म्हणाली.

"बगा! कुठं पुणं आन् कुठं शिरूर! आन् माझी आई समोरच्या खिडकीत स्टूल टाकून बसणार हाय. जन्मभर! तुमच्या चुकीपायी!"

"समोरच्या खिडकीत?" पुनमच्या आवाजाची इस्त्री मोडली. "अगं माय. चूल दिसती का तिथून?"

"दिसती!"

"थांबा जरा, फोन ठेवू नका." कळफलकाची टकटक ऐकू येत राहिली. मग ती दबक्या आवाजात बोलली, "ताई, सौदा मोडणं माझ्या हातात न्हाई. पण फोटो चुकीचा होता आन् सौदा आमच्यामुळं झालाच न्हाई, असं मी कंपनीची चूक म्हणून लिवून टाकते. मग दुसरे पैसे लागत न्हाईत, आन् पहिले परत द्यावे लागतात."

"त्याचा मला काय उपयोग?"

"काहीच न्हाई," पुनम म्हणाली. "पडदा जाड लावा. माझ्या बहिणीनं तेच केलं."

पैसे खरंच परत आले. मोबाइलवरचा निरोप वाचून ज्ञानोबा पुन्हा भडकले. "उन्हाळाभर मी घसा फोडला, आन् हिला चार मिन्टांत पैसे?"

"तुमी तिला कवा विचारलं होतं, ती कुठली ते?" अंबिकाबाई म्हणाल्या.

लातूरला जाण्याआधी त्यांनी त्या पैशांतून लग्नाचा आहेर घेतला. स्वयंपाकघराच्या खिडकीचं माप स्वतः घेतलं, दुकानात जाऊन सगळ्यात जाड, वजनदार, गडद निळा मखमली पडदा निवडला आणि निकाहच्या दिवशी सगळ्यांसमोर मुबश्शिराच्या हातात दिला. तय्यबभाई पोट धरून हसले. मुबश्शिरा आयुष्यात पहिल्यांदा ज्ञानोबांच्या पाया पडली.

खातूनबींनी मात्र तेव्हापासून ज्ञानोबांशी बोलणं सोडलं आहे.